पाण्याची सुई

आमच्या वॉर्डाला पाटीवर लांबलचक नाव होतं, पण तंजावरच्या रिक्षावाल्यांना ते सांगून उपयोग नसे. 'कडैसी वार्डु' म्हटलं की ते बरोबर मागच्या फाटकाशी आणून सोडत. कडैसी म्हणजे शेवटचा. इमारत आवाराच्या शेवटी आहे म्हणून हे नाव पडलं, असं आम्ही नव्या पेशंटच्या नातेवाइकांना सांगत असू. त्यांचा विश्वास बसत नसे. आमचाही नव्हता.

त्या वॉर्डात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली, शेवटी शेवटी मुख्य सिस्टर म्हणून. माझा जन्म तंजावरचा, शाळा तमिळ, आणि घरात आमची तंजावरी मराठी, जी ऐकून पुण्याचे पाहुणे आधी हसतात आणि मग पुन्हा बोलायला सांगतात. नर्सिंग मात्र मी सोलापूरला मावशीकडे राहून शिकले, म्हणून हे तुम्हाला वाचता येईल अशा मराठीत लिहू शकते. माझ्या मुलीला ते वाचता येणार नाही. तिला मराठी समजते, ती उत्तर तमिळमध्ये देते.

आमच्याकडे बरं व्हायला कुणी येत नसे. कॅन्सर हाडांपर्यंत पोचलेला, मोठ्या इस्पितळानं 'घरी न्या' म्हणून सांगितलेलं, आणि घरी नेल्यावर त्या माणसाचं कण्हणं कुणाला ऐकवेना, अशी माणसं येत. दुखणं कमी करणं एवढंच आमचं काम. ऐकायला ते छोटं वाटतं. दुखणं मोजायचं यंत्र नाही. ताप काचेच्या नळीत दिसतो, दुखणं फक्त ज्याचं त्याला कळतं. त्याला विचारायचं आणि तो सांगेल ते खरं मानायचं. आता माणसं खरं सांगत नाहीत, ही त्यातली मेख. एक निवृत्त पोस्टमन होते, ओठ चावून रक्त येईपर्यंत 'दुखत नाही' म्हणायचे, कारण सून समोर उभी असायची. एक बाई गोळ्या गालात धरून ठेवायची आणि आमची पाठ फिरली की उशाखाली लपवायची. मुलगा दुबईहून येणार होता, त्या दिवसांत अजिबात दुखू नये म्हणून तिनं साठा केला होता. मुलगा आला नाही. मला वाटतं, दुखणं ओळखायला मी बऱ्यापैकी शिकले होते. पायाची बोटं बघायची. चेहरा फसवतो, बोटं फसवत नाहीत.

आमचं मुख्य औषध मॉर्फीन. ते अफूपासून होतं, म्हणून कुलपात असतं, दोन किल्ल्या दोघींकडे, आणि इंजेक्शनची काचेची कुपी फोडली की रिकामी कुपी परत करायची. नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारत, "सिस्टरम्मा, सवय लागेल काय?" मी सांगायची, दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेल्या औषधाची अशी सवय लागत नाही, घाबरू नका. आयुष्यभर मी हे वाक्य सांगितलं आणि पेशंटच्या बाबतीत ते खरं ठरलं.

तुळजाराम आमच्याकडे आला तो नर्सिंगचा कोर्स करून, दोन वर्षं दुसरीकडे काम करून. कीळवासलच्या बाजूला त्याच्या वडिलांचं शिंप्याचं दुकान होतं. वडील गेले, दुकान गेलं, आई होती, पुढे लग्न होऊन एक मुलगीही झाली. आडव्या अंगाचा, रुंद खांद्यांचा, आवाज मात्र हळू. आमची चार मराठी घरं एकमेकांना ओळखून असतात, त्यामुळे मुलाखतीच्या दिवशीच त्यानं मला "अक्का" म्हटलं आणि मी त्याला "अरे तुळजा". वॉर्डात आम्ही तमिळ बोलत असू, औषधांच्या खोलीत मराठी. मला त्याचं बरं वाटायचं. दिवसभरात कुणीतरी आपल्या भाषेत 'जेवलांत काय' म्हणून विचारणारं होतं.

तमिळ पेशंट त्याला 'रायर तंबी' म्हणत. आम्हा मराठ्यांना इकडे रायर म्हणतात, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. म्हाताऱ्या बायकांना तो पाट्टी, म्हणजे आजी, म्हणे. हाडात कॅन्सर असलेल्या माणसाला नुसती कूस बदलवायची तरी तो किंचाळतो. तुळजा असला की किंचाळत नसे. तो आधी कानाशी सांगायचा, "पाट्टी, आता मी खांद्याखाली हात घालणार. आता थांबलों. आता तुम्ही सांगा, मग उचलतों." आणि खरंच थांबायचा. पेशंटनं मान हलवल्याशिवाय उचलायचा नाही. बाकीच्या मुली चौघी मिळून उचलत, तो एकटा. हेच त्याला भोवलं. एका जाड माणसाला स्नानाला नेताना तोल गेला, माणसाला पडू दिलं नाही, स्वतःच्या कण्यावर घेतलं. आठवडाभर सुट्टी घेतली आणि पट्टा बांधून परत आला. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं.

पुढचं मला त्याच्याकडूनच, बऱ्याच वर्षांनी कळलं. पेशंटला कुपीतलं अर्धंच औषध लागायचं तेव्हा उरलेलं अर्धं दुसऱ्या सिस्टरसमोर ओतून टाकायचा नियम होता. एक दिवस दुसरी सिस्टर घाईत होती. पाठीत कळा येत होत्या. "ओतून टाकायचंच होतं अक्का," तो म्हणाला, "कुणाचं घेतलं असं वाटलंच नाहीं." पाठ थांबली. नुसती पाठ नाही, सगळंच थांबलं, असं तो म्हणाला. वडिलांचं जाणं, दुकान, आईची कटकट, सगळं लांब गेलं. मग तो अर्ध्या कुपीची वाट बघू लागला. मग अर्धी पुरेना.

मरगदम पाट्टी पापनाशमजवळच्या गावातली. जन्मभर भाताची रोपं लावलेली, त्यामुळे कंबरेतून वाकलेली, काळी, बारीक, दातांवर तंबाखूचा रंग. स्तनाचा कॅन्सर कण्यात गेला होता. सोबत तिची मुलगी सेल्वी, नवऱ्यानं टाकलेली, आईइतकीच बारीक. पाट्टी तक्रार करणारी नव्हती. उलट वॉर्डातल्या बाकीच्यांना दटावायची, "काय ओरडता, बाळंतपण काय पाहिलं नाही?" म्हणून तिनं जेव्हा "अम्मा, सहन होत नाही" म्हटलं तेव्हा मी लगेच वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. डोस वाढवला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा वाढवला. रोग वाढत होता, त्यामुळे यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. आमच्या शास्त्रात हेच लिहिलं आहे, दुखणं वाढलं तर औषध वाढवा.

त्या दिवसांत तुळजानं जादा ड्यूट्या मागून घेतल्या होत्या. पाट्टीला त्याच्याशिवाय कुणी हात लावलेला चालत नसे, म्हणून तिची इंजेक्शनंही बहुतेक तोच द्यायचा. तिला तो पाण्याची सुई टोचत होता. डोस वाढवला की त्याचा वाटा वाढत होता. कुप्या रिकाम्या परत येत होत्या, सह्या होत होत्या, कागदावर काही चुकलेलं नव्हतं.

मग त्याच्या मुलीचे कान टोचायचे होते म्हणून तो एक दिवस रजेवर गेला. सकाळी पाट्टीची बोटं वळलेली होती, चादर मुठीत धरलेली. मी स्वतः कुपी फोडली, डॉक्टरीणबाईंनी लिहिलेला पूर्ण डोस भरला आणि दिला. म्हटलं, "पाट्टी, आता झोप लागेल."

लागली. सेल्वी खूश झाली. "किती दिवसांनी झोपली," म्हणून बाहेर इडली आणायला गेली. मी शेजारच्या खाटेवरची पट्टी बदलत होते आणि मला काहीतरी ऐकू येईनासं झालं. पाट्टीचा श्वास. वळून पाहिलं तर ओठ निळे, छाती हलतच नव्हती. मग हलली. मग पुन्हा किती तरी वेळ नाही. हाक मारली, छातीचं हाड चोळलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

मॉर्फीनवर उतारा असतो. तो दिला की माणूस शुद्धीवर येतो, पण औषधाचा सगळा असर एका झटक्यात पुसला जातो आणि दुखणं होतं तेवढं, एकदम, परत येतं. दुसरा मार्ग नव्हता. डॉक्टरीणबाई धावत आल्या, उतारा दिला, आणि पाट्टी जागी झाली. तशी किंकाळी मी नोकरीत ऐकली नव्हती. सेल्वी इडलीची पुडी हातात घेऊन दारात उभी होती. पाट्टीनं डोळे उघडले तेव्हा तिच्यावर वाकलेली मी होते, हातात सिरिंज. तिनं मला पाहिलं आणि अंग आक्रसून घेतलं. लहान मूल कुत्र्याला पाहून घेतं तसं.

ती जरा शांत झाल्यावर डॉक्टरीणबाई मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, "ज्या शरीराला रोज हे औषध मिळत होतं, त्याला आज एवढं जड व्हायला नको होतं. पद्मा, हिला रोज औषध मिळत होतं काय?"

मी औषधांची वही काढली. उत्तर तेव्हाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुळजा आला, खिशात कान टोचणीचे पेढे घेऊन. औषधांच्या खोलीत डॉक्टरीणबाई आणि मी. बाईंनी तमिळमध्ये म्हटलं, "शर्टाची बाही वर कर." तो हलला नाही. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "अक्का, मॅडमना बाहेर जायला सांगा. तुम्हाला एकटीला सांगतों."

"इथे सांग. त्यांच्यासमोर सांग."

त्यानं बाही वर केली. त्या हाताचं वर्णन मी करणार नाही. नर्सचा हात असून तसा झाला होता.

"पाट्टी काल मेली असती, तुळजा," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

"कसं ठाऊक?"

"मी रजेवर गेलों कीं दुसरं कुणी पूर्ण डोस देणार. मला कळत होतं अक्का. सकाळी तुम्हाला फोन करावा म्हणून फोन हातांत घेतला. पोरीला मांडीवर घेऊन बसलों होतों. हातांत फोन होता." मग बाही खाली ओढत, "सांगितलं असतं तर सगळं संपलं असतं."

मी पुष्कळ माणसं मरताना पाहिली आहेत. पण ते वाक्य ऐकताना जे वाटलं ते त्याआधी कधी वाटलं नाही. हा तोच माणूस होता जो पेशंटनं मान हलवल्याशिवाय त्याला उचलत नसे.

इस्पितळाच्या विश्वस्तांचं म्हणणं, राजीनामा घ्या आणि विषय मिटवा, वॉर्डाचं नाव जाईल. मी म्हटलं, राजीनामा घेतला तर तो चांगला दाखला घेऊन दुसऱ्या इस्पितळात जाईल आणि तिथे दुसरी पाट्टी असेल. डॉक्टरीणबाई माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. पोलिसांत तक्रार गेली, त्यावर सही माझी. त्याला घेऊन जाताना त्याला घाम फुटला होता, नाक गळत होतं, पोलिसांना वाटलं रडतो आहे. ते रडणं नव्हतं, औषध उतरत होतं. मी हवालदाराला सांगितलं, "याला आधी सरकारी इस्पितळात न्या, हा आजारी आहे." तो म्हणाला, "चोर आहे की आजारी आहे, एक काय ते सांगा."

संध्याकाळी त्याची आई, भागीरथीकाकू, आमच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. ओरडलीही नाही.

"चार घरं राहिलीं मराठीचीं," ती म्हणाली. "पोरानं चूक केली म्हणून तूं मला येऊन सांगायचंस. मी त्याला कोंडून घातला असता. पोलिसांना सांगायला तुला तमिळ आलं, मला सांगायला मराठी आलं नाहीं?"

मी पाट्टीविषयी सांगायला लागले. तिनं हात वर करून थांबवलं आणि निघून गेली. त्यानंतर आमच्या लोकांच्या लग्नामुंजीत मला बोलावणं येई, पण माझ्या पंगतीला कुणी आपणहून बसत नसे. घरी माझे यजमान म्हणायचे, "तू बरोबर केलंस." मलाही तसंच वाटतं, आजही. पण बरोबर केल्याचं समाधान म्हणून जे म्हणतात, ते मला कधी मिळालं नाही.

वॉर्डाचं सांगायचं तर बातमी लपली नाही. पेशंट आणि नातेवाईक म्हणू लागले, "आधी कुपी दाखवा. आमच्यासमोर फोडा." आम्ही दाखवत असू. दाखवलं तरी ते म्हणत, "आत काय आहे कुणाला माहीत." निम्मं औषध विश्वासानं चढतं. तो विश्वास गेल्यावर खऱ्या मॉर्फीननंही माणसं पूर्वीसारखी शांत होईनात.

फक्त मरगदम पाट्टीला कुणी काही सांगितलं नव्हतं. सेल्वी म्हणाली, तिला सांगू नका, तिचा त्या पोरावर जीव होता. त्यामुळे पाट्टीच्या लेखी झालं ते असं, की रायर तंबी रोज सुई द्यायचा आणि ती जगत होती, आणि या सिस्टरनं एकदाच सुई दिली तर ती मरायला टेकली आणि उठली ती आगीत. ती मला जवळ येऊ देईना. इंजेक्शन नाहीच म्हणायची. आम्ही गोळ्या कुटून पाण्यात देऊ लागलो, त्यांनी थोडं भागलं. मग गिळता येईना. सुईशिवाय उपाय नव्हता. दुसऱ्या मुलीला पाठवलं तरी पाट्टी विचारायची, "ती बाई बाहेर उभी आहे काय?" आणि दिवसातून कितीदा तरी, "रायर तंबीला बोलवा. तो हळू उचलतो. त्याची सुई दुखत नाही."

त्याची सुई दुखत नाही. पाणीच ते.

शेवटच्या दिवशी ती बोलण्यापलीकडे गेली होती, नकार देण्यापलीकडेही. इंजेक्शन मी दिलं. तिच्या पायाची बोटं सैल झाली. डोळे मात्र माझ्यावर होते आणि त्यात तीच भीती होती. माझ्या हातून शांतपणे गेलेल्या माणसांची संख्या मोठी आहे, असं लोक माझ्याविषयी म्हणतात. माझ्या आठवणीत ही एक राहिली आहे.

तुळजाला शिक्षा झाली. तिरुचीच्या तुरुंगात होता. परवाना गेला. बायको मुलीला घेऊन माहेरी कुंभकोणमला गेली ती गेलीच. सुटून आला तेव्हा मॉर्फीन नव्हतं, सरकारी दुकानातली दारू होती. भागीरथीकाकू वारली तेव्हा त्याला बसस्टँडमागच्या गल्लीतून दोघांनी धरून आणलं. चितेला अग्नी देताना त्याचा हात कुणीतरी धरला होता. मी लांब उभी होते. त्यानं मला पाहिलं नाही, किंवा पाहूनही ओळखलं नाही.

त्यानंतर चर्चच्या लोकांनी चालवलेल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तो गेला, पळाला, पुन्हा गेला. ही सगळी बातमी मला तुकड्यातुकड्यांनी कळत होती. मी निवृत्त झाले. आणि एका सकाळी तो दारात उभा. केस पांढरे, खांदे अजून रुंद पण रिकामे. प्यालेला नव्हता. मी आधी बोटं पाहिली, सवयीनं.

"सेल्वीचं गांव ठाऊक आहे काय अक्का?" तो म्हणाला. "केंद्रांत सांगतात, ज्याचं नुकसान केलंस त्याच्याकडे जा. एकटा जायला धीर होत नाहीं."

आम्ही गावच्या बसनं गेलो. कालव्याच्या कडेनं बस जात होती, दोन्हीकडे हिरवं भात, आणि तो सबंध वाटभर काय बोलायचं ते ओठांत घोकत होता. सेल्वी अंगणात माडाच्या झावळ्या विणत बसली होती. मला ओळखलं, उठली, पाणी आणलं. मग त्याला ओळखलं. पाण्याचा लोटा तिच्या हातातच राहिला.

तो मातीत बसला आणि घोकलेलं बोलला. मी चोर आहे. तुमच्या आईचं औषध मी घेतलं. ती तडफडली ती माझ्यामुळे. मला माफ करा.

सेल्वीनं लोटा खाली ठेवला. मग तमिळमध्ये, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला कशाला विचारतोस? दुखत होतं ते तिला. मी नुसती पाहत होते." आणि पुढे म्हणाली, "ती मरेपर्यंत तुझं नाव घेत होती. देवाला हात जोडताना तुझं भलं मागायची. मी तिला खरं सांगितलं नाही. आता मला रोज वाटतं सांगायला हवं होतं. तुला शिव्या देऊन तरी मेली असती. तेवढाही हक्क मी तिला दिला नाही. तू माझ्याकडे माफी मागतोस, मी कुणाकडे मागू?"

ती पुन्हा विणायला लागली. निघताना तिनं मला शहाळं दिलं. त्याला दिलं नाही. बसमध्ये तो एवढंच म्हणाला, "बरोबर आहे तिचं." त्या दिवशी तो परत दारूकडे जाईल अशी मला खात्री होती. तो गेला नाही. का गेला नाही ते मला माहीत नाही. त्यालाही नीट सांगता येत नाही.

त्याला येणारं एकच काम होतं, आणि ते करायला कायद्यानं मनाई होती. मग तो घरोघरी अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करू लागला. सुई नाही, औषध नाही, फक्त स्नान घालणं, कूस बदलणं, मलमूत्र. तंजावरातल्या कितीतरी घरांत आता म्हातारी दोघंच असतात, मुलं सिंगापूरला नाहीतर अमेरिकेला. माणसाची गरज सगळ्यांना आहे. पण तुळजा दारातच सांगायचा, "मी आजाऱ्यांचं औषध चोरून तुरुंगांत गेलेला माणूस आहे. घरांत दुखण्याचं औषध असेल तर कुलपांत ठेवा." दहांतले नऊ जण दार लावून घेत. मी एकदा रागावून म्हटलं, "कशाला सांगतोस? कोण विचारतंय?" तो म्हणाला, "सांगितलं नाहीं तर ते कुलूप लावणार नाहींत."

मग माझ्या यजमानांना कॅन्सर झाला. शाळेत गणित शिकवलेला माणूस, जन्मात कुणाकडून काही करून घेतलं नाही. रोग कंबरेत उतरला. मी सत्तरीकडे झुकलेली, गुडघे गेलेले, मला त्यांना हलवता येईना. मुलीनं चेन्नईहून माणूस पाठवला, तो दोन दिवसांत पळाला. तिसऱ्या दिवशी तुळजा आला. मी बोलावलं नव्हतं.

"अक्का, मी उचलतों. गोळ्या कुलपांत ठेवल्यात काय?"

ठेवल्या होत्या. किल्ली मी कमरेला बांधली. तो रोज येत होता, यजमानांना स्नान घालत होता, त्यांच्याशी मराठीत बोलत होता, आणि यजमानांच्या तोंडून दुखण्याचा शब्द बाहेर पडत नव्हता. आणि रोज तो गेल्यावर मी कपाट उघडून गोळ्या पाहत असे. एकही दिवस सोडला नाही. कधी एक गोळी कमी झाली नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहत असे. त्याला ते ठाऊक होतं. एकदा दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "आतां बघून घ्या अक्का, मी थांबतों." त्यात टोमणा नव्हता. मी त्याच्यादेखत कपाट उघडून पाहिलं. यजमान खाटेवरून आमच्याकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

ते गेले त्या सकाळी त्यांचा हात तुळजाच्या हातात होता, मी स्वयंपाकघरात कॉफी करत होते.

तेराव्यानंतर उरलेल्या गोळ्या इस्पितळात परत करायच्या होत्या. असा नियमच आहे. माझे गुडघे सुजले होते, जिना उतरवेना. तुळजा आला होता. मी गोळ्यांची पिशवी काढली आणि त्याच्यापुढे धरली. म्हटलं, "तू देऊन ये. वॉर्डात माझं नाव सांग."

माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते सांगते. मला वाटलं होतं की मी त्याला फार मोठी गोष्ट देते आहे.

तो मागे सरकला. भिंतीला टेकला. "नक्को अक्का," म्हणाला. "मला देऊं नका."

"इतकी वर्षं झाली. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"माझा नाहीं," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "इथून इस्पितळ दोन मैल. ती वाट मला एकट्याला जमणार नाहीं. आज जमेल, कदाचित जमेल. पण कदाचित म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तुम्ही विश्वास ठेवूं नका अक्का. पहिल्यासारखं कपाट बघत जा. त्यानंच बरं वाटतं मला."

दोन दिवसांनी सूज उतरल्यावर मी स्वतः गेले. तो सोबत आला, पण बसमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला. पिशवी घेऊन मी मागे. इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी तो थांबला. अटक झाल्यापासून तो त्या फाटकाच्या आत गेला नव्हता. मी आत गेले, गोळ्या दिल्या, पावती घेतली, बाहेर आले.

"दिलांत?"

"दिलं."

त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि कॉफी प्यायला चला म्हणाला. टपरीवर उभ्या उभ्या त्यानं सांगितलं की ओरत्तनाडूला एका घरी पक्षाघाताचा म्हातारा आहे, त्यांना माणूस हवा आहे, तो आत्ताच तिकडे जाणार आहे. घर चांगलं आहे, राहायला खोलीही देणार आहेत.

"सांगणार आहेस?" मी विचारलं.

"दारांतच सांगतों. आंत गेल्यावर जीभ वळत नाहीं."

बस आली, तो चढला. मी रिक्षा करून घरी आले. घरात आता उचलायला कुणी नव्हतं, औषध नव्हतं, कपाट उघडं होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हातारा खिडकीतून त्याच्याकडे बघत होता म्हणे, पण मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि 'नको' म्हणून हात जोडले. तो परतीच्या बसची वाट बघत उभा होता. बसला वेळ होता, म्हणून फोन केला, एवढंच म्हणाला.